भाषा शिकणें आणि भाषेंतून शिकणें

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील मंडळींपुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागें वळून पाहावें, पूर्वजांचे उपकार आठवावे आणि पुढच्या वाटेचा विचार करावा, अशी आपली रीत आहे. मागील पिढ्यांनीं काय काय उभारलें याचें वर्णन इतर वक्त्यांनीं केलेंच आहे. आम्हांस पुढच्या वाटेविषयीं बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आज प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं येऊन उभा असलेला असा एक विषय आम्हीं निवडला. इंग्रजी भाषेनें सर्व जगावर जें वर्चस्व मिळविलें आहे, तें आलें कसें? त्याचा भाषा शिकविण्याच्या कामावर काय परिणाम झाला? आणि आपल्या मुलांच्या बाबतींत आपण काय करावें? या तीन प्रश्नांचा आज क्रमानें विचार करूं.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही इंग्रजीचे वैरी नव्हों. सेमिनरींत आमचें तत्त्वज्ञान व ईशज्ञान बहुतेक इंग्रजी ग्रंथांच्या द्वारेंच झालें, आणि त्या भाषेनें आमच्यासाठीं उघडलेलें भांडार आम्ही विसरूं शकत नाहीं. इंग्रजी शिकूं नका असें सांगण्यासाठीं आम्ही येथें उभे राहिलों नाहीं. आमचें सांगणें एवढेंच आहे कीं भाषा शिकणें ही एक गोष्ट आहे आणि भाषेंतून शिकणें ही दुसरी गोष्ट आहे. या दोहोंचा घोटाळा झाला म्हणजे मुलाचें नुकसान होतें, आणि आज हा घोटाळा घरोघर होत आहे.

प्रथम हें वर्चस्व आलें कोठून तें पाहूं. इंग्रजीचें व्याकरण सोपें, म्हणून ती जगभर पसरली, असें कोणी कोणी म्हणतात. तिच्या स्पेलिंगांशीं झुंजलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास विचारावें. तो या म्हणण्यास हंसेल. भाषा पसरते ती बोलणाऱ्यांच्या सत्तेबरोबर, व्यापाराबरोबर आणि विद्येबरोबर. एके काळीं युरोपांत हें स्थान लॅटिनला होतें. न्यूटन हा इंग्लंडांतला. परंतु त्यानें आपला 'प्रिन्सिपिया' ग्रंथ १६८७ सालीं लॅटिनमध्यें प्रसिद्ध केला, कारण देशोदेशींच्या पंडितांपर्यंत पोहोंचण्याचा मार्ग तोच होता. पुढें १७०४ सालीं प्रकाशावरील ग्रंथ मात्र त्यानें इंग्रजींत काढला. लॅटिनच्या मागून राजदरबारांत फ्रेंच आली. १९१९ सालीं व्हर्साय येथें तह झाला, तेव्हां फ्रेंचच्या बरोबरीनें इंग्रजी मजकूरही प्रमाण धरण्यांत आला. शास्त्रांत जर्मन भाषेचें मोठें वजन होतें. तें दोन महायुद्धांनीं घटविलें. आधीं ब्रिटिशांचें साम्राज्य, नंतर अमेरिकेची संपत्ति, तिचीं विद्यापीठें, तिचे चित्रपट आणि शेवटीं संगणक, अशी एकावर एक लाट येत गेली आणि प्रत्येक लाटेनें इंग्रजीलाच वर उचललें. आज आंतरराष्ट्रीय मार्गावरील वैमानिकास इंग्रजींत बोलतां येतें कीं नाहीं याची परीक्षा द्यावी लागते, आणि संशोधकास आपला शोध जगास कळवावयाचा असेल तर बहुधा याच भाषेंत लिहावें लागतें.

जगाला एक सामाईक भाषा असावी हें सोयीचेंच आहे. परंतु सामाईक भाषेच्या हातून कोणतें काम होतें व कोणतें होत नाहीं, याचा अनुभव आपल्या ख्रिस्तसभेइतका दुसऱ्या कोणास क्वचितच असेल. शेंकडों वर्षें लॅटिननें देशोदेशींच्या धर्मगुरूंस एकत्र बांधलें. तरीही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं उपासनेसंबंधीं संविधान मंजूर केलें, तेव्हां लोकभाषांस वाव दिला, कारण देवळांत बसलेल्या माणसास आपण काय म्हणत आहों तें कळावें व त्यानें मनापासून उपासनेंत भाग घ्यावा, ही गरज मोठी होती. विद्वानांचा व्यवहार एका भाषेंत चालतो. लहान लेंकराच्या मनांत शिरावयाचें तर त्याचीच भाषा लागते.

आतां या वर्चस्वाचा भाषाशिक्षणावर काय परिणाम झाला तें पाहूं. कोणास वाटेल कीं तोटा फक्त इतर भाषांचा झाला असेल. पण पहिला तोटा खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांचाच झाला. अमेरिकेंतील माध्यमिक शाळांत १९१५ सालीं दर शंभर विद्यार्थ्यांपैकीं सुमारें २४ जण जर्मन शिकत असत. महायुद्ध पेटलें, जर्मनांविषयींचा द्वेष त्यांच्या भाषेवर उलटला, आणि १९२२ सालीं हें प्रमाण शेंकडा एकाच्याही खालीं गेलें. नेब्रास्का राज्यानें १९१९ सालीं कायदा केला कीं आठवी इयत्ता पुरी होण्यापूर्वीं मुलांस इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवूं नये. रॉबर्ट मेयर नांवाच्या, लुथरन पंथाच्या शाळेंतील एका शिक्षकानें दहा वर्षांच्या मुलास जर्मन वाचावयास शिकविलें, एवढ्याबद्दल त्याला दंड झाला. त्यानें दाद मागितली, आणि १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल फिरविला. शिक्षक जिंकला खरा, परंतु त्या देशांत जर्मनला तिची पूर्वीची जागा पुन्हां मिळाली नाहीं. वर्ग मोडावयास चार वर्षें पुरतात. भरावयास पिढ्या लागतात.

तें युद्धाच्या संतापांत घडलें असें म्हणावें, तर अलीकडे शांततेच्या काळींही तसेंच घडत आहे. इंग्लंडांत २००४ सालापासून चौदा वर्षांवरील विद्यार्थ्यांस परभाषा सक्तीची राहिली नाहीं. २००२ सालीं तेथील जी.सी.एस.ई. परीक्षेस दर चारांपैकीं सुमारें तीन मुलें एखादी परभाषा घेत. २०११ सालीं तें प्रमाण शेंकडा ४० वर उतरलें. अमेरिकेंतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या गणनेप्रमाणें २०१६ ते २०२१ या पांच वर्षांत महाविद्यालयांतून इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकणाऱ्यांची नोंदणी १६.६ टक्क्यांनीं घटली. याचें एक कारण उघड आहे. सारें जग आपली भाषा शिकत आहे, मग आपण कशाला कष्ट घ्यावे, असें त्या मुलांस वाटतें. ज्याच्या दारीं सर्वांनीं यावें त्याला दुसऱ्याच्या दारीं जाण्याची संवय राहत नाहीं. अशा रीतीनें ज्या भाषेनें जग जिंकलें तिच्याच लेंकरांस दुसऱ्याच्या मनाची भाषा शिकण्याचें सुख हळूहळू दुर्मिळ होत चाललें आहे.

दुसरा परिणाम इतर देशांत दिसतो. तेथें इंग्रजी हा एक विषय होता, तो वाढत वाढत साऱ्या विषयांचें माध्यम होऊं पाहतो. इटली देशांत मिलान येथील पॉलिटेक्निक विद्यापीठानें २०१२ सालीं असें ठरविलें कीं पदवीनंतरचे सर्व अभ्यासक्रम पुढें इंग्रजींतूनच चालवावे. ज्या भाषेंत दान्तेनें काव्य लिहिलें, गॅलिलिओनें शास्त्र लिहिलें, त्या भाषेला तिच्याच देशांतील विद्यापीठाच्या वरच्या वर्गांत जागा उरूं नये, हें तेथील अध्यापकांस सहन झालें नाहीं. प्रकरण न्यायालयांत गेलें. २०१७ सालीं इटलीच्या घटनात्मक न्यायालयानें सांगितलें कीं इंग्रजींतून अभ्यासक्रम चालविण्यास हरकत नाहीं, परंतु इटालियनला सरसकट हद्दपार करतां येणार नाहीं. इटलीसारख्या संपन्न व जुन्या विद्येच्या देशावर ही पाळी आली, तर गरीब देशांची कथा काय सांगावी?

आफ्रिकेंतील रुवांडाचेंच उदाहरण घ्या. तेथें जवळजवळ सारी प्रजा किन्यारुवांडा ही एकच भाषा बोलते. आपल्यासारखी भाषांची गर्दी तेथें नाहीं. शाळांत फ्रेंचचें प्राबल्य होतें. २००८ सालीं सरकारनें ठरविलें कीं यापुढें शिक्षण इंग्रजींतून द्यावें. ज्या शिक्षकांनीं सारा जन्म फ्रेंचमध्यें शिकविलें, त्यांस थोडक्या अवधींत स्वतःच नीट न येणाऱ्या भाषेंत गणित व शास्त्र शिकविण्याची वेळ आली. अडचण लक्षांत आल्यावर २०११ सालीं पहिल्या तीन इयत्तांपुरती किन्यारुवांडा परत आणण्यांत आली. आणि २०१९ सालीं पुन्हां पहिलीपासून इंग्रजी असा निर्णय झाला. अकरा वर्षांत तीनदां माध्यम फिरलें. मोठ्यांनीं निर्णय बदलले, आणि प्रत्येक बदलाचा भार पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलावर पडला.

आतां आपल्याकडे वळूं. राज्यकर्त्यांच्या भाषेचा प्रश्न कोंकणच्या किनाऱ्यावर नवा नाहीं. गोव्यांत २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. पाठीशीं राज्याची सारी सत्ता होती. पण घरांत आयाबाया लेंकरांशीं कोंकणींतच बोलत राहिल्या, शेतांत व होडींत माणसें कोंकणींतच हांका मारीत राहिलीं. फर्मान कागदावर राहिलें. १९८७ सालीं कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ सालीं तिला भारताच्या घटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें.

मुंबईकडे इंग्रजांचें राज्य आलें, तेव्हां आरंभीं इंग्रज अधिकारीच मराठी शिकत असत. मोल्सवर्थ यानें आपल्या सहकाऱ्यांच्या व मराठी शास्त्र्यांच्या मदतीनें १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. आजही अभ्यासकांस त्याच्याकडे जावें लागतें. पुढें १८३५ सालीं मेकॉलेनें इंग्रजी विद्येचा पुरस्कार करणारें आपलें टिपण लिहिलें आणि वारें फिरलें. १८४० नंतरच्या दशकांत मुंबईच्या शिक्षण मंडळांत यावर मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. कर्नल जर्व्हिस आणि आपले नाना शंकरशेट यांचा आग्रह असा होता कीं बहुजनसमाजापर्यंत ज्ञान न्यावयाचें तर तें देशी भाषेंतूनच गेलें पाहिजे. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नाना शंकरशेट हे कांहीं इंग्रजी विद्येचे शत्रू नव्हते; मुंबईंत ती विद्या रुजविण्यांत त्यांचाच मोठा हात होता. इंग्रजी हवी व मराठीही हवी, प्रत्येकीनें आपल्या जागीं काम करावें, अशी त्यांची समजूत होती. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यांतही उच्च शिक्षणास इंग्रजी व सामान्य जनांच्या शिक्षणास देशी भाषा, असाच विभाग सांगितला होता.

मग आज निराळें काय आहे? निराळें हें आहे कीं आतां कोणी फर्मान काढीत नाहीं. १६८४ सालीं सत्तेला जें साधलें नाहीं तें आज आपण आपल्या खुषीनें, पदरचे पैसे मोजून करीत आहों. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवितात. २०२० च्या कायद्यानें सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ८ कोटी ३० लाख माणसांची ही भाषा आहे. दर्जा आहे, कायदा आहे, संख्या आहे. आणि तरीही गांवोगांवच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडत आहेत.

आईबापांस दोष देणें सोपें आहे. आम्ही तो देत नाहीं. आधीं पोटोबा मग विठोबा, ही म्हण आपल्या लोकांनीं अनुभवानें केली आहे. नोकरीची मुलाखत इंग्रजींत, वकिलीचा वरचा व्यवहार इंग्रजींत, वैद्यकीचे ग्रंथ इंग्रजींत, परदेशची वाट इंग्रजींतून. ज्या बापानें बागायतींत, मिठागरांत किंवा होडीवर घाम गाळला, त्याला आपल्या मुलानें इंग्रजीअभावीं कोठें मान खालीं घालूं नये असें वाटलें, तर त्यांत गैर काय? त्याची इच्छा योग्य आहे. आमची शंका फक्त त्यानें धरलेल्या वाटेविषयीं आहे.

तो म्हणतो, "फादर, पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं." हें खरें आहे. परंतु पोहावयास शिकवितांना आपण मुलास प्रथम कमरेएवढ्या पाण्यांत उतरवितों, आणि शिकविणारा पट्टीचा पोहणारा पाहतों. ज्या डोहांत गुरुजींचेच पाय टेकत नाहींत, तेथें पांच वर्षांचें लेंकरूं टाकलें तर तें पोहावयास शिकणार नाहीं. नाकातोंडांत पाणी जाऊं नये एवढीच धडपड करील. वर्गांत ही धडपड कशी दिसते? मूल शाळेंत येतें तें रिकामें येत नाहीं. हजारों शब्द घेऊन येतें. आंत-बाहेर, कमी-जास्त, काल-उद्यां, कां आणि कसें, हें सारें त्याला आपल्या बोलींत ठाऊक असतें. या भांडवलावर शिक्षकानें पुढचा व्यवहार करावयाचा असतो. माध्यम एकाएकीं बदललें कीं हें भांडवल दाराबाहेर राहतें. मूल उत्तर पाठ करतें, कारण समजून सांगावयास त्याच्याजवळ शब्द नसतात. तें प्रश्न विचारीत नाहीं, कारण प्रश्न विचारणें हें उत्तर देण्याहून अवघड असतें. घरीं आई मदत करूं शकत नाहीं, म्हणून शिकवणी लावावी लागते. शिकवणींतही पुन्हां पाठांतरच. मार्क पडतात, प्रगतिपुस्तक बरें दिसतें, आणि चौदाव्या वर्षीं आपल्या लक्षांत येतें कीं मुलास इंग्रजींत चार ओळी स्वतःच्या मनानें लिहितां येत नाहींत व मराठींत चार ओळी वाचतां येत नाहींत. तेलही गेलें, तूपही गेलें.

शिक्षणाचें प्रारंभींचें माध्यम मातृभाषा असावें, हें मत केवळ भाषाभिमान्यांचें नाहीं. युनेस्कोनें जगांतील तज्ज्ञांचें मत एकत्र करून १९५३ सालीं तेंच सांगितलें, आणि भारत सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणानेंही, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मातृभाषेंतून शिकवावें, असें म्हटलें आहे.

यावर आमच्यापुढें एक आक्षेप वारंवार येतो, आणि तो प्रामाणिक आहे. लोक म्हणतात, "मराठी शाळेंतून गेलेला मुलगा महाविद्यालयांत अडखळतो, पहिल्या वर्षीं त्याला कांहीं कळत नाहीं, लाज वाटते, कित्येक जण शिक्षण सोडतात." हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु हा दोष मराठी माध्यमाचा कीं इंग्रजी वाईट शिकविल्याचा, याचा विचार करा. आठ-दहा वर्षें रोज तास घेऊनही मुलास इंग्रजी बोलतां येत नसेल, तर त्या तासांत काय चाललें होतें? बहुधा धड्याचें मराठी भाषांतर फळ्यावर उतरलें आणि मुलांनीं तें वहींत उतरविलें. पालकांनीं शाळेच्या दारीं जाऊन मागावयाचें तें हें कीं इंग्रजीला उत्तम शिक्षक द्या, वर्गांत इंग्रजी ऐकूं येऊं द्या, बोलूं द्या, गोष्टीचीं पुस्तकें द्या. सेमी-इंग्रजीचा मार्गही आहे. वरच्या इयत्तांत गणित व शास्त्र इंग्रजींतून घेतां येतें. शाळेचें माध्यम बदलणें फार सोपें आहे, पाटी बदलली कीं झालें. चांगला भाषाशिक्षक घडविणें कठीण आहे. म्हणून सर्वजण सोपें तें करतात.

परकी भाषा उत्तम कशी शिकावी, याचे धडे आपल्या इतिहासांत आहेत. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७९ सालीं ते गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच देह ठेवला. या चाळीस वर्षांत त्यांनीं येथील भाषा अशा आत्मसात केल्या कीं त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त सुमारें ११,००० मराठी ओंव्या आहेत. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्यांनीं कोंकणीचें व्याकरणही लिहिलें. तें त्यांच्या मागून १६४० सालीं प्रसिद्ध झालें. घाटावर नगर जिल्ह्यांत फादर हेन्री डोरिंग या जर्मन मिशनऱ्यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' हें मराठी मासिक सुरू केलें. हे लोक मराठी माध्यमाच्या शाळेंत गेले नव्हते. आपापल्या भाषेंत त्यांचें शिक्षण पक्कें झालें होतें, म्हणून दुसरी भाषा कशी धरावी तें त्यांस कळत होतें. त्यांनीं येथील माणसांचें बोलणें कानांत सांठविलें, व्याकरण रचलें, आणि चुकत चुकत बोलत राहिले. एक भाषा मुळापासून आलेल्या माणसास दुसरी येते. आमच्या मुलांस इंग्रजी यावी यासाठींच त्यांची मराठी पक्की हवी, असें आम्ही म्हणतों तें याच आधारावर.

येथें कोणी हळूच म्हणेल, "फादर, आमची मातृभाषा तरी पुस्तकी मराठी कोठें आहे?" तेंही खरें. आपल्या घरांत कोणाची सामवेदी, कोणाची वाडवळी, कोणाची कोळ्यांची बोली. आमच्या आईबापांच्या पिढीस शाळेंतील मराठीही शिकावीच लागली. परंतु बोली व मराठी या सख्ख्या बहिणी आहेत; एका अंगणांतून दुसऱ्या अंगणांत जाण्यास एक पाऊल पुरतें. बोलींतून मराठींत, मराठींतून इंग्रजींत, अशा पायऱ्या चढलेलीं कितीतरी माणसें आज या मंडपांत बसलीं आहेत: शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, बँकेंतले अधिकारी आहेत. त्यांची खालची पायरी काढून घ्यावी असें त्यांपैकीं कोणासही वाटणार नाहीं.

या प्रश्नांत आमचें, म्हणजे धर्मगुरूंचें, काय अडतें, असें कोणी विचारील. आमचें पुष्कळ अडतें. आज धर्मशिक्षणाच्या वर्गांत कित्येक मुलें प्रार्थना रोमन अक्षरांत लिहून घेतात. रोमन अक्षरांत मराठी लिहिणें पाप नव्हे. 'ख्रिस्तपुराण' त्याच अक्षरांत छापलें गेलें होतें. पण तें ऐकणाऱ्यांच्या कानांत भाषा जिवंत होती. आज अक्षर गेलें, त्यामागून शब्दाचा अर्थही चालला आहे. मुलें 'क्षमा' हा शब्द उच्चारतात. त्याचा अर्थ विचारला तर गप्प राहतात. आजी आजारी पडते, तिला आपलें मन उघडावयाचें असतें, आणि उशाशीं बसलेल्या नातवाजवळ तिच्याशीं बोलावयास "हो" आणि "नाहीं" यांपलीकडे शब्द नसतात. आजीचा धीर, तिच्या ओंव्या, लग्नांतलीं गाणीं, शेताची व समुद्राची माहिती, घरच्या माणसांच्या गोष्टी, हें सारें ज्या भांड्यांत भरलें आहे तें भांडें बोलीचें आहे. तें फुटलें तर आंतलें दुसऱ्या भांड्यांत ओतावयास वेळ मिळत नाहीं.

म्हणून शेवटीं कांहीं सूचना करून आम्ही भाषण आटोपतें घेतों. या सूचना सर्वांसाठीं सारख्या नाहींत. ज्या घरांत आईची एक भाषा व बापाची दुसरी, किंवा ज्या घरांत इंग्रजीच पिढीजात चालत आली आहे, त्यांनीं आपला विचार आपण करावा. बाकीच्यांस आमची विनंती अशी.

पहिली: मुलाशीं घरांत आपल्याच बोलींत बोला. आईबापांनीं मोडक्या इंग्रजींत "कम हिअर, सिट हिअर" केल्यानें मुलास इंग्रजी येत नाहीं. त्याला मोडकी इंग्रजी मात्र येते. शाळा कोणतीही असो, घर तुमचें आहे, आणि तेथें कोणाचेंही फर्मान चालत नाहीं.

दुसरी: ज्यांचीं मुलें अजून शाळेंत गेलीं नाहींत त्यांनीं माध्यम ठरवितांना शेजाऱ्याकडे पाहूं नये. शाळेंत जावें, वर्गांत घटकाभर बसावें, शिक्षक कसे शिकवितात तें पाहावें. चांगली मराठी शाळा व वाईट इंग्रजी शाळा यांत निवड करावयाची असेल, तर पाटीवरील अक्षरांस भुलूं नये.

तिसरी: ज्यांचीं मुलें इंग्रजी शाळेंत आहेत त्यांनीं खंत करीत बसूं नये. रोज रात्रीं अर्धा तास मराठी वाचन घ्यावें. प्रथम आईबापांनीं वाचावें, मग मुलानें. वर्षभरांत मूल देवनागरी सहज वाचूं लागेल. शाळेंतील मराठीचा तास हा मार्कांपुरता आहे असें मुलाच्या देखतां कधीं बोलूं नये. आपण ज्याला हलकें म्हणतों त्याला मूल फेंकून देतें.

चौथी: आपल्यांतील तरुण शिक्षकांनीं सुटीच्या दिवशीं मराठी शाळेंतील मुलांसाठीं इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवावा, आणि इंग्रजी शाळेंतील मुलांसाठीं मराठी वाचनाचा. दोन्ही वर्ग एकाच दालनांत, एकामागून एक घ्यावे. जागा, दिवे व फळा देण्याची जबाबदारी आमची. ज्या मुलास मराठी येते त्यानें दुसऱ्यास शिकवावी व त्याच्याकडून इंग्रजी घ्यावी. त्यामुळें एकास गर्व व दुसऱ्यास लाज, ही जी भिंत आज एकाच आळींतील मुलांत उभी राहत आहे, ती खालीं येईल. भाषेचा हा तोटा आम्हांस सर्वांत अधिक सलतो.

जगांतील मोठ्या भाषा येतील आणि जातील. लॅटिनचा काळ गेला, फ्रेंचचा उतरला, इंग्रजीचाही केव्हां तरी उतरेल. तो उतरेपर्यंत तिच्याशीं नीट ओळख करून घेणें शहाणपणाचें आहे. आपल्या मुलांनीं ती उत्तम शिकावी, तिच्यांतून जगाशीं बोलावें, आणि घरीं येऊन आजीशीं पोटभर बोलावें, एवढीच आमची इच्छा आहे. वर्गाची पहिली बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर भरेल. शिक्षकांनीं व आईबापांनीं अवश्य यावें.